काम संपत नाही, बिल थांबत नाही: चालू प्रकल्पातल्या बदलांचा घोळ कसा सोडवायचा

सावदा-फैजपूरकडचे केळीचे पॅकहाउस असो, जळगाव एमआयडीसीतली चटईच्या कारखान्याची नवी शेड असो, की धुळ्यातल्या एखाद्या संस्थेत बसवायचे बिलिंगचे सॉफ्टवेअर असो, दुखणे एकच. नारळ फुटतो तेव्हा सगळे स्पष्ट असते. मग कोणीतरी येऊन म्हणते, "भाऊ, तेवढं एक इकडे सरकवून टाका." समोरचा म्हणतो, "व्हई जाई." काम होते, आणि तीन महिन्यांनी बिलावर भांडण. पुढच्या प्रकल्पात पुन्हा तेच.

चालू कामात बदल व्हायचेच. बाजार बदलतो, मशीन वेगळे येते, आधी न सुचलेली गोष्ट भिंत उभी राहिल्यावर दिसते. गडबड होते ती दोन कारणांनी. बदल एकापेक्षा जास्त दारांतून आत येतो, आणि त्याचे पैसे व दिवस ठरायच्या आत काम उरकलेले असते. खालच्या तपासण्या फुकटच्या आधी आणि खर्चिक नंतर अशा लावल्या आहेत. वरून सुरुवात करा, कारण बहुतेक ठिकाणी मूळ कारण पहिल्या तीन-चारांतच सापडते.

लक्षणे

- शेवटच्या बिलासोबत ठेकेदार एक्स्ट्रा कामांची यादी जोडतो आणि त्यातली बरीच कामे ऑफिसला तेव्हाच पहिल्यांदा कळतात.
- साइटवर एकाच नकाशाच्या दोन प्रती निघतात आणि दोन्हींवरची मापे वेगळी.
- स्टोअरमध्ये न वापरलेला माल पडून आहे: जुन्या मापाचे पॅनेल, नको त्या व्यासाचा पाइप.
- तारीख एकदम महिनाभर पुढे जात नाही. चार-चार दिवसांनी सरकत राहते आणि दर वेळी कारण नवे असते.
- बैठकीत "असं ठरलं होतं ना" हे वाक्य येते, पण कधी आणि कोणासमोर ठरले ते सांगता येत नाही.
- सॉफ्टवेअरच्या कामात परवापर्यंत चालणारा रिपोर्ट आज अडतो, आणि मधे कोणी काय बदलले याचा पत्ता नसतो.

यातले एखादे लक्षण कुठेही दिसू शकते. दोन-तीन एकत्र दिसली तर खालचे सगळे तपासा.

१. नकाशावरचा रिव्हिजन नंबर

खर्च काही नाही, वेळ अर्धा तास. साइटच्या भिंतीवरचा नकाशा, फॅब्रिकेटरच्या हातातला, खरेदी विभागाच्या फाइलमधला आणि कन्सल्टंटकडचा, या चौघांच्या नावपट्टीतला रिव्हिजन नंबर आणि तारीख यांचे फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवून जुळवा.

हे सगळ्यात आधी करायचे, कारण चौघे चार नकाशांवर काम करत असतील तर पुढची कोणतीही तपासणी कामाची नाही. नंबर वेगळे निघाले तर त्याच दिवशी चालू रिव्हिजन कोणती ते लिहून सगळ्यांना कळवा, जुन्या प्रती हातोहात गोळा करा, त्यांवर लाल शाईने "रद्द" लिहा आणि एक प्रत ऑफिसच्या फाइलमध्ये ठेवा. बाकीच्या फाडून टाका. जुनी प्रत साइटवर राहिली की ती कोणाच्या तरी हाती लागतेच.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नकाशा ए-४ कागदावर छापून त्यावर पट्टीने माप घेणारे फॅब्रिकेटर भरपूर आहेत. ए-१ चा नकाशा ए-४ वर आला की स्केल मोडते. लिहिलेले मापच धरायचे, पट्टी लावायची नाही, हे नकाशावरच ठळक छापून घ्या. फाइलला "फायनल", "फायनल नवीन" अशी नावे देऊ नका. नकाशा क्रमांक, रिव्हिजन, तारीख एवढेच नाव पुरे.

२. "हो" कोण म्हणतो?

मालक, साइट इंजिनिअर, ठेकेदाराचा सुपरवायझर आणि हिशेबनीस यांना वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारा: या कामात बदल मंजूर कोण करतो? चार उत्तरे आली तर बिघाड इथेच आहे.

आपल्याकडच्या घरच्या उद्योगांत हा प्रकार जास्त. सकाळी आप्पा साइटवर येऊन ओटा दोन फूट वाढवायला सांगतात, दुपारी धाकटे भाऊ तोच ओटा काढून टाका म्हणतात. सहकारी संस्थेत चेअरमन, व्यवस्थापक आणि एखादे संचालक असे तिघे तीन दिशांनी सांगतात. ठेकेदार कोणाला नाही म्हणणार? वडीलधाऱ्यांना सूचना करू नका असे सांगता येत नाही, आणि सांगूही नये. त्यांची नजर अनुभवाची असते, त्यांच्या सूचनेतून पुढचा मोठा खर्च वाचलेला पुष्कळदा दिसतो. सूचना कोणीही करावी, पण ती एकाच माणसाकडे जावी. ठेकेदाराला अर्ध्या पानाचे पत्र द्या: अमुक व्यक्तीच्या सहीशिवाय केलेल्या बदलाचे पैसे मिळणार नाहीत. त्या पत्राची प्रत घरातल्या सगळ्यांनाही द्या. आप्पांनी काही सांगितले की सुपरवायझरचे उत्तर ठरलेले असावे: "आप्पा, वहीत लिहून घेतो, संध्याकाळपर्यंत साहेब सांगतील." यात त्यांचा मानही राहतो आणि कामही भरकटत नाही.

३. बदलाची वही

एक जाड फुलस्केप रजिस्टर घ्या, पानांना नंबर घाला. एक्सेल चालेल, पण साइटवर वहीच टिकते. रकाने एवढेच: बदल क्रमांक, तारीख, कोणी सुचवला, काय आणि का, कोणता नकाशा किंवा बीओक्यूमधली (कामांची मापे-दरांसह यादी) कोणती बाब, जादा किंवा कमी रक्कम, जादा दिवस, निर्णय, सही, आणि काम झाल्याची तारीख.

नामंजूर झालेले बदलही लिहायचे. हे लोक टाळतात, आणि नाकारलेली गोष्ट दोन महिन्यांनी नवी म्हणून परत येते. "का" हा रकाना रिकामा ठेवू नका. कारण लिहायला बसले की काही बदल तिथेच गळतात.

ग्रुपवर आलेला बदल त्याच दिवशी संध्याकाळी वहीत उतरवायचा. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश पुरावा म्हणून न्यायालयात नेता येतो, पण त्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि तोपर्यंत तो फोन शाबूत असायला हवा. दोघांच्या सहीचे पान त्यापेक्षा कितीतरी सोपे.

४. मूळ काम गोठवलेले आहे का?

वही आहे, सह्या आहेत, तरी वाद होतो? मग मूळ कागद बघा. बीओक्यू, नकाशांची यादी रिव्हिजन नंबरसह, वेळापत्रक आणि एकूण रक्कम, या चारांवर एकाच तारखेला दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. याला बेसलाइन म्हणतात. ती नसेल तर "वाढले" हे कशाच्या तुलनेत ते ठरवता येत नाही. ठेकेदार म्हणतो जादा काम, तुम्ही म्हणता हे तर आधीपासून होते, आणि दोघेही प्रामाणिक असू शकतात.

काम अर्ध्यावर आले असेल तरी उशीर झालेला नाही. आजची तारीख घालून आजपर्यंत झालेले काम मोजा, एमबीत (मोजमाप वहीत) घ्या, उरलेल्या कामाची नवी यादी करून सही घ्या. मागचे वाद वेगळ्या कागदावर ठेवा, नव्या बेसलाइनमध्ये मिसळू नका. बीओक्यूमध्ये "आवश्यकतेनुसार" किंवा "पूर्ण करून देणे" असे मोघम शब्द असतील तर त्यांची मापे याच वेळी लिहून घ्या. बरेचसे वाद तिथूनच निघतात.

५. बदलाचा परिणाम पूर्ण मोजला जातो का?

इथे दोन-तीन दिवस आणि जाणकाराची फी लागते, पण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाचतो. नेहमीची चूक म्हणजे बदललेल्या वस्तूची किंमत काढली जाते, तिला जोडलेल्या वस्तूंची नाही.

केळीच्या प्री-कूलिंग खोलीचे उदाहरण घ्या. १० टनांची खोली ठरली आहे, पॅनेलची ऑर्डर जायची आहे, आणि सूचना येते की १५ टनांची करा, भिंत थोडी पुढे घेतली की झाले. भिंत पुढे घेतल्याने फक्त पॅनेल वाढतात असे वाटते. आता फळाची उष्णता मोजा. केळीची विशिष्ट उष्णता किलोला अंशामागे साधारण ३.३५ किलोज्यूल. माल ३४ अंशांवर आला आणि १० तासांत १४ अंशांवर न्यायचा, तर १० टनांना सुमारे १८.६ किलोवॅट म्हणजे सव्वापाच टीआर (थंड करण्याच्या क्षमतेचे एकक) लागतात, आणि १५ टनांना जवळपास ८ टीआर. ही झाली नुसत्या फळाची उष्णता. भिंती, दाराची उघडझाप, पंखे आणि फळाचे स्वतःचे श्वसन वेगळे. वर आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. त्या हवेत कंडेन्सरची क्षमता घटते, म्हणजे कॅटलॉगमधला आकडा तसाच धरता येत नाही.

कॉम्प्रेसर वाढला की केबल बदलते, पॅनेल बोर्ड बदलतो, जनरेटर अपुरा पडू शकतो, आणि महावितरणचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो. त्या अर्जाला लागणारे दिवस तुमच्या हातात नसतात. हे सगळे टाळून जुन्याच मशीनवर मोठी खोली चालवली तर माल वेळेत थंड होत नाही. मग ऑपरेटर थर्मोस्टॅट खाली ओढतो, कूलरजवळच्या क्रेट १३ अंशांच्या खाली जातात, आणि साल काळपट पडते. थंडीने खराब झालेली केळी नंतर रायपनिंग चेंबरमध्ये १०० पीपीएमपर्यंत इथिलीन (फळ पिकवणारा वायू) दिले तरी नीट पिवळी होत नाहीत. भिंत पुढे घेण्याचा खर्च अशा रीतीने मालाच्या भावात निघतो.

म्हणून प्रत्येक बदलासाठी या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या: याला जोडलेल्या कोणत्या वस्तू बदलतात? कोणती ऑर्डर आधीच गेली आहे, आणि ती थांबवायला किती पैसे लागतात? किती दिवस वाढतात, आणि ते दिवस कोणत्या हंगामात पडतात? कोणती परवानगी पुन्हा घ्यावी लागते? आणि बदल केलाच नाही तर काय बिघडते?

बदल कोणत्या टप्प्यावर आला याने किंमत ठरते. चेंबरचे दार बघा. पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरचा आणि दारही १२०० चे, तर पॅलेट १२०० च्या बाजूने आत जात नाही. १५०० चे मोकळे माप हवे. नकाशावर असताना हे दुरुस्त करायला पाच मिनिटे. पॅनेल कापून आल्यावर नवे पॅनेल आणि ट्रकचे भाडे. पॅनेल उभे राहिल्यावर भोक मोठे करायचे म्हणजे पॅनेलमधला पीयूएफ (उष्णता अडवणारा फोम) उघडा पडतो आणि बाष्परोधक थर तुटतो. सील नीट बसले नाही तर दमट हवा आत शिरते, दाराच्या कडेला पाणी साचते, पत्रा गंजतो. शेवटच्या टप्प्यावर कधी कधी छोटा पॅलेट वापरणे हाच बरा निर्णय असतो.

हंगामाचा हिशेब परिणामात धरायलाच हवा. आखाजीच्या आसपास मजूर गावी जातात, तेव्हा चार दिवसांचा बदल दहा दिवस खातो. जिनिंगचे काम असेल तर ऑक्टोबरपासून कापूस यायला लागतो, त्यामुळे ऑगस्टनंतर आलेला आणि सुरक्षिततेशी संबंध नसलेला बदल थेट पुढच्या वर्षाच्या यादीत टाकावा.

६. मंजुरीच्या पायऱ्या

प्रत्येक बदल मालकाकडे गेला तर काम अडते, आणि अडलेले लोक मग न विचारता करू लागतात. त्यामुळे पायऱ्या ठेवा. एक-दोन कोटींच्या कामाला साधारण असे चालते: दहा हजारांपर्यंत आणि एकही दिवस वाढत नसेल तर साइट इंजिनिअर, एक लाखापर्यंत आणि तीन दिवसांपर्यंत प्रकल्पप्रमुख, त्यापुढे मालक, हिशेब पाहणारा आणि कन्सल्टंट तिघे मिळून. आकडे तुमच्या कामाच्या आकाराने बदला. आठवड्यात एक ठरलेला वार, अर्धा तास, हातात वही. निर्णय चारांपैकी एक: मंजूर, नामंजूर, पुढच्या टप्प्यात, किंवा माहिती अपुरी. बैठकीतून निर्णयाविना कोणताही बदल बाहेर जाऊ द्यायचा नाही.

दोन पळवाटा हमखास निघतात. मोठ्या बदलाचे तुकडे करून प्रत्येक दहा हजारांच्या आत बसवणे ही पहिली. एका बाबीवरच्या सगळ्या बदलांची बेरीज धरायची असा नियम केला की ती बंद होते. दुसरी म्हणजे "अर्जंट". पाइप फुटला, विजेचा धोका आहे, पावसात माल भिजतोय, अशा वेळी आधी काम करावेच. पण २४ तासांत वहीत नोंद आणि सही झाली पाहिजे. तशी नोंद नसलेले काम अर्जंट धरायचे नाही.

बदलांसाठी म्हणून मूळ रकमेच्या ५ ते १० टक्के वेगळे ठेवा आणि दर बैठकीत त्यातले किती उरले ते वाचून दाखवा. निम्मे काम व्हायच्या आत ही रक्कम संपत आली तर बदल आवरून उपयोग नाही. मुळातले नियोजनच कच्चे होते, ते पुन्हा बसून करा.

७. करार आणि ऑर्डर

वर सगळे ठीक असूनही पैसे अडत असतील तर वर्क ऑर्डर वाचा. बदलाचे कलम आहे का? नव्या बाबीचा दर कशावरून काढायचा (मूळ दरावरून, डीएसआर या सरकारी दरसूचीवरून, की खरेदी बिल अधिक ठरलेला टक्का)? जादा दिवस कसे द्यायचे? हे नसेल तर दोघांच्या सहीने पुरवणी करार करा. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात करार बदलायला दोन्ही पक्षांची संमती लागते, एका बाजूचे पत्र पुरत नाही. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, उशिरा झालेले काम स्वीकारताना नुकसानभरपाई मागणार असल्याची सूचना त्याच वेळी द्यावी लागते. मुदतवाढ देताना गप्प राहिलात तर नंतर दंड लावणे अवघड जाते.

मंजूर बदलाची सुधारित ऑर्डर काढा आणि आरए बिलात (चालू कामाच्या टप्प्याटप्प्याच्या बिलात) तो वेगळ्या ओळीत, बदल क्रमांकासह दाखवायला लावा. क्रमांक नाही तर ती ओळ पास नाही. उलट बाजूही पाळायची: सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराचे पैसे २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. नंतर बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. बदलाचा कागद टेबलावर अडवून ठेवणे स्वस्त पडत नाही.

८. मंजूर झालेला बदल खरंच पोचला का?

थोडक्यात: खरेदीला कळले का, नवा नकाशा भिंतीवर लागला का, जुना उतरला का, काम झाल्यावर मोजून वही बंद केली का. सॉफ्टवेअर असेल तर आधी चाचणीच्या प्रतीवर, मग रात्री बॅकअप घेऊन चालू प्रतीवर, आणि परत मागे कसे यायचे ते आधीच लिहून. महिनाअखेरीला आणि जीएसटी भरायच्या आठवड्यात काही बदलू नका. काम संपल्यावर अ‍ॅज-बिल्ट नकाशा (प्रत्यक्ष झालेल्या कामाचा) घेतल्याशिवाय शेवटचे बिल सोडू नका, नाहीतर पुढच्या वर्षी दुरुस्तीच्या वेळी पाइप कुठून गेला ते खणून शोधावे लागेल.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

कॉलम, बीम, पोटमाळा, छतावर टाकी किंवा सोलर, जमिनीवर जड मशीन: स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सहीशिवाय पुढे जाऊ नका, बदल दहा हजारांचा असला तरी. अमोनियाच्या प्लांटमधली एक व्हॉल्व्ह किंवा पाइपची दिशा बदलायची असेल तर रेफ्रिजरेशनचा डिझाइन इंजिनिअर आणि सुरक्षा तज्ज्ञ दोघांनी तपासल्याशिवाय हात लावू नका. वीजभार वाढत असेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदार. इमारतीचा आकार, जिना, बाहेर पडायचा रस्ता किंवा मशीनची मांडणी मंजूर नकाशापासून हलत असेल तर आर्किटेक्टला सांगून एमआयडीसी, अग्निशमन आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे सुधारित मंजुरी लागते का ते आधी बघा. सरकारी निधीचे काम असेल तर तोंडी बदलाला जागाच नाही. एक्स्ट्रा आयटमच्या दराला आणि गरज पडल्यास सुधारित प्रशासकीय मान्यतेला वेळ लागतो, तो लागू द्या.

आणि पैशांचा वाद टोकाला गेला असेल, ठेकेदाराने काम बंद केले असेल किंवा नोटीस आली असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरे देणे थांबवून वकिलाकडे जा. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, त्यामुळे "बसून मिटवू" म्हणत वर्षे घालवू नका. जाताना सोबत न्या: सहीची मूळ ऑर्डर, बेसलाइनचे नकाशे, बदलाची वही, एमबी, सगळी आरए बिले आणि बँकेचे उतारे. वही नसेल तर संदेशांची तारीखवार यादी करून न्या, आणि तो फोन बदलू नका.